बाटलीभोवती गुंडाळलेलं पत्र

४ फेब्रुवारी

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, अशी धास्ती आहे. तसं केलंस तरी बोलायला मला तोंड नाही. नऊ वर्षांत मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत आणि आता लिहितेय ते गरज पडली म्हणून. खोटं कशाला बोलू?

यांना अपघात झाला. चार महिने होतील. एका इमारतीत लिफ्ट अडकली होती, हे दुरुस्तीसाठी वरून आत उतरले, पट्ट्याचा हूक सुटला आणि थेट तळाशी आदळले. पाठीचा मणका मोडला. ऑपरेशन झालं, स्क्रू घातले, दीड महिना हॉस्पिटल आणि मग घर. कंबरेखाली काहीच नाही. चिमटा काढला तरी कळत नाही. डॉक्टर म्हणाले, आशा ठेवा पण वाट पाहू नका. आशा ठेवायची आणि वाट पाहायची नाही हे कसं करतात, ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आमची खोली तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या इमारतीतच लिफ्ट नाही, यावर हेच पूर्वी सगळ्यांना हसवायचे. आता बोलतच नाहीत. मी ज्या कुशीवर वळवीन त्या कुशीवर पडतात आणि मान मात्र भिंतीकडे. दोन घास खातात, तेही मी ताटाजवळून उठू नये म्हणून.

फोन करत नाही, कारण खोली एकच आहे आणि कान शाबूत आहेत. हे पत्र दुकानात बसून लिहितेय. सकाळी शेजारच्या बाई यांच्याजवळ थांबतात आणि मी चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस काम करते. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव.

एवढंच विचारायचं आहे. मालिश केल्याने पाय परत येतात का? शेजारच्या बाईंच्या नात्यातला एक जण उठून चालायला लागला म्हणे. तू सव्वीस वर्षं हेच काम करतेस. तुझ्याइतकं कुणाला कळणार?

माझ्या लग्नाच्या वेळी जे झालं ते मी विसरलेले नाही. तूही विसरली नसशील.

चिमी


११ फेब्रुवारी

चिमे,

पत्र फोडलं. दोनदा वाचलं. लग्नाचं राहू दे.

तू विचारतेस त्याचं उत्तर द्यायच्या आधी मला माणूस दिसला पाहिजे. तेव्हा एवढं कळव. पाठीच्या खालच्या हाडावर, टाचांवर, कुठे लाल डाग आहे का? पाय लुळे असतात की मधूनच आपोआप उडतात? पोट रोज साफ होतं का? झोप किती? कुठे दुखतं, म्हणजे जिथे कळतं तिथे? हात काय करतात दिवसभर?

दर दोन तासांनी कूस बदलत जा. अंगाखालची चादर ताणलेली ठेव, एक चुणीही नको.

अक्षर वाकडं आलंय. टेबल डुगडुगतंय इथलं.

ताई


१८ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र गिऱ्हाईकासमोरच वाचलं. तो अक्षरांच्या तक्त्याची खालची ओळ वाचत होता, मी तुझी. दोघांनाही धड दिसत नव्हतं.

उत्तरं लिहिते. टाचेवर एक लाल डाग आहे, नाण्याएवढा. पाय लुळेच असतात. पोट चार चार दिवस हलत नाही आणि मग जे करावं लागतं त्याची यांना इतकी लाज वाटते की डोळे मिटून घेतात. झोप नाहीच म्हण. खांदे आणि मान दुखते, कारण अंग सारायचं तर सगळा भार हातांवर. खांद्याला हात लावला तर दगड लागतो. आणि हात काय करतात विचारलंस ना, हात काही करत नाहीत. ज्या हातांनी हा माणूस हातात येईल ते यंत्र खोलून पुन्हा जोडायचा, ते छातीवर एकावर एक ठेवलेले असतात. मला ते बघवत नाही.

परवा मी पाय पुसत होते तेव्हा म्हणाले, "लाकूड पुसून काय होणार?" पंधरा दिवसांत बोललेलं ते एक वाक्य.

ताई, तू ये. लिहून मला जमायचं नाही. तुझे हात मला आठवतात. आईचा खांदा धरला होता तेव्हा तू तिच्यामागे बसायचीस, आणि ती रडता रडता पेंगायला लागायची. तेच इथे कर. आठ दिवस ये, चार दिवस ये. घरात यांच्याखेरीज कुणी नाही, आणि यांना आता कशाचं काही वाटत नाही.

नाहीच जमलं तर तू वापरतेस ते तेल तरी पाठव. पण घरच्या पत्त्यावर, दुकानात मालक पार्सल ठेवू देत नाहीत.

चिमी


२५ फेब्रुवारी

चिमे,

तेलाच्या बाटलीभोवतीच हे पत्र गुंडाळतेय, म्हणजे दोन्ही एकदम हातात येतील. तेल साधं आहे, बिनवासाचं. त्यात जादू नाही. हात सरकावा एवढंच त्याचं काम.

मला येता येणार नाही. कारण विचारू नकोस.

आता ऐक. मी पंधरा वर्षांची असताना हॉस्पिटलात लादी पुसायला लागले, तेव्हा तू तीन वर्षांची होतीस. मला भाजलेल्यांचा वॉर्ड मिळाला, कारण तिथे कुणी टिकत नसे. भाजलेली कातडी भरून येते, पण येताना आकसते. बोटं तळव्याला चिकटतात, कोपर उघडत नाही. तिथे एक वयस्क मालिशवाल्या होत्या, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. रोज तेल लावून त्या एकेक व्रण सैल करायच्या. मी बादली घेऊन बघत उभी राहायची. एक दिवस त्यांनी माझा हात धरून एका बाईच्या मानेवर ठेवला आणि म्हणाल्या, "आधी नुसता ठेव. तिला कळू दे कुणीतरी आहे. दाबायचं नंतर."

त्या बाईची हनुवटी छातीला चिकटली होती. तिला जमिनीखेरीज काही दिसत नसे. डॉक्टरांनी कापून मोकळी केली होती, पण ती पुन्हा आकसत होती. सात महिने आम्ही ती मान चोळली. एका सकाळी तिने डोकं मागे टाकलं, वर पाहिलं आणि म्हणाली, पंख्यावर केवढी धूळ आहे. मी रडायचं सोडून स्टूल आणलं आणि पंखा पुसला. त्या दिवसापासून मी लादी सोडली. आईने मात्र शेवटपर्यंत सगळ्यांना मी क्लार्क असल्याचं सांगितलं.

हे अशासाठी सांगतेय की मालिश काय करते ते मी पाहिलं आहे, आणि काय करत नाही तेही. मालिश तुटलेली नस जोडत नाही. यांचे पाय मालिशने परत येणार नाहीत. तुला हे दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मी सांगितलेलं बरं. जो कुणी चालवून दाखवतो म्हणेल, त्याला दारातून परत पाठव.

पण खांद्यांतला तो दगड फुटतो. झोप येते. पोटावर हलक्या हाताने उजवीकडून वर, मग डावीकडे, मग खाली, असं गोल फिरवत गेलं की आतडी हलायला लागतात आणि ती चार दिवसांची लाजही कमी होते. मान, खांदे, पाठीचा वरचा भाग रोज वीस मिनिटं. तळहात सपाट, बोटं खुपसायची नाहीत. टाचेवरच्या लाल डागाला चुकूनही चोळायचं नाही, तिथली कातडी आधीच मरायला टेकलेली असते. टाचेखाली घडी ठेवून ती अधांतरी राहील असं कर. पाय सांध्यांतून हळू हलवायचे, म्हणजे आखडत नाहीत.

आणि एक गोष्ट, बाकी सगळं विसरलीस तरी चालेल. एखाद दिवशी एक पोटरी दुसरीपेक्षा जाड दिसली, गरम लागली, तर त्या पायाला हात लावायचा नाही. तेल नाही, शेक नाही, दाब नाही. आत रक्ताची गुठळी झालेली असते. ती चोळली तर सुटून वर फुप्फुसात जाते आणि माणूस जातो. यांना दुखणार नाही, म्हणून ते सांगू शकणार नाहीत. तूच रोज बघायचं. सूज दिसली की सरळ हॉस्पिटल.

जमेल तुला. आधी नुसता हात ठेव.

ताई


१२ मार्च

ताई,

तुझी बाटली मिळून दहा दिवस झाले. शेजारच्या बाईंनी पार्सल यांच्या उशाशी ठेवलं होतं. मी घरी आले तर बाटली उशाजवळच्या टेबलावर, बाजूला खोका. खोका उलटा करून झटकला. एक ओळ नाही.

मी पोस्टाने आणखी काही येईल म्हणून दहा दिवस वाट पाहिली. आता कळलं. मागितलं तेवढं दिलंस, वर बोलायची इच्छा नाही. बरोबर आहे तुझं. "लग्नाला तू आली नाहीस तर बरं" हे तुला सांगायला मीच आले होते ना. परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणारी मेहुणी पाहुण्यांत नको, असं हे म्हणाले होते, आणि मी ते पोस्टमनसारखं तुझ्या दारात आणून टाकलं. तू तेव्हा काही बोलली नाहीस. मला वाटलं, गिळलंस. नाही गिळलंस. दिवसाला दहा अनोळखी पाठी चोळतेस आणि सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला तुझे हात नाहीत.

असो. तुझ्यावाचून अडलं नाही. शेजारच्या बाईंच्या ओळखीने एक मालिशवाला मिळाला, पूर्वीचा पैलवान आहे. परवापासून येतो, तुझंच तेल वापरतो. चाळीस दिवसांत पायावर उभं करतो म्हणाला. दणदणीत हात आहे त्याचा, पलंग सरकतो. आणि आश्चर्य म्हणजे हे त्याच्याशी बोलतात. काल मी ऐकलं, "जोरात चोळा" म्हणाले. पाच महिन्यांत या माणसाने स्वतःहून काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

गुणही यायला लागलाय. डावी पोटरी भरलीय, गरम लागते. पैलवान म्हणतो, रक्त उतरायला लागलं, आता जीव येईल. आता परवा तो तिसऱ्यांदा येणार आहे.

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. उत्तराची अपेक्षा नाही.

चिमी


१४ मार्च

चिमे,

आत्ताच तुझ्या दुकानात फोन केला होता. तू आतल्या खोलीत होतीस, मालकांनी उचलला. मी त्यांना एवढंच म्हटलं की मी तिची मोठी बहीण, नवऱ्याचा पाय सुजलाय, त्यात गुठळी आहे, तो पाय चोळला तर माणूस जाईल, दुकान बंद करा आणि तिच्याबरोबर धावा. त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. फोन तसाच टाकून ते पळाले. टेबलावर पडलेल्या फोनातून मला शटर पडल्याचा आवाज आला. नंतर मी तासभर तो कानाला धरून बसले होते.

पत्र होतं, चिमे. बाटलीभोवती गुंडाळून दोऱ्याने बांधलं होतं. चार पानं. त्यात हेच लिहिलं होतं.

काय झालं ते एका ओळीत तरी कळव.

ताई


१९ मार्च

ताई,

जिवंत आहेत.

आम्ही पोहोचलो तेव्हा पैलवान दारात उभा होता आणि घाबरून नुसतं पाणी पाणी म्हणत होता. हे पलंगाची कड धरून श्वास ओढत होते. ओठ निळे. मालकांनी खालच्या दुकानातून तिघांना आणलं, खुर्चीला चादरीने बांधलं आणि जिन्यावरून उतरवलं. पहिल्या वळणावर खुर्ची अडकली. मी मागून यांचं डोकं धरलं होतं. ताई, तीन मजल्यांच्या पायऱ्या मी हजारदा उतरलेय, पण त्या दिवशी त्या संपतच नव्हत्या.

गुठळीचा एक तुकडा फुप्फुसात गेला होता, बाकीचा पोटरीतच आहे. डॉक्टरांनी विचारलं, या पायाला कुणी चोळत होतं का? मी म्हटलं, मीच बोलावलं त्याला. त्यांनी मान खाली घातली. ओरडले असते तर परवडलं असतं. आता रक्त पातळ करायची औषधं चालू आहेत, आठ-दहा दिवसांत घरी सोडतील.

तुझं पत्र मी घरी जाऊन शोधलं. खोका, पलंगाखाली, कचऱ्याची बादली, सगळं. शेजारच्या बाई शपथ घेऊन सांगतात की त्यांनी ठेवलं तेव्हा पार्सल बंदच होतं. यांना विचारलं. म्हणाले, मला काय माहीत. पोस्टात कुणीतरी काढलं असेल का? पण मग बाटली कशी सोडली?

काहीही असो, दोष माझाच. पोटरी मी पाहिली होती, तिला हातही लावला होता आणि खूश झाले होते. आता यांच्या अंगाला हात लावायची भीती वाटते. नर्सला सांगते, तुम्ही वळवा.

तुला मी जे लिहिलं ते परत घेता येत नाही. तू फोन केलास.

चिमी


२ एप्रिल

ताई,

मी चिमीचा नवरा. शेजारच्या बाईंना पत्र टाकायला सांगितलं आहे. त्या चिमीला सांगणार नाहीत.

तुमचं पत्र माझ्याकडे आहे. गादीची शिवण उशाच्या बाजूला उसवली आहे, त्यात.

पार्सल आलं तेव्हा बाई कपडे वाळत घालायला गॅलरीत गेल्या होत्या. काहीतरी करायला मिळालं म्हणून मी ते उघडलं. आधी तुम्ही पायांचं काय लिहिलंय ते शोधलं. तुम्ही नाही म्हणून लिहिलं होतं. मी पत्र लपवलं ते चिमीने ते नाही वाचू नये म्हणून. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं. मग शेवटचा भाग वाचला, गुठळीचा. तो मी पुष्कळदा वाचला.

मी मेकॅनिक आहे. माझी नजर मापाची आहे. मार्चच्या पहिल्या आठवड्यात चादर बदलताना डावी पोटरी मला जाड दिसली. दुसऱ्या दिवशी आणखी. मी चिमीला सांगितलं नाही. माणूस आला तेव्हा मीच म्हणालो, जोरात चोळा. आधी डावा घ्या म्हणालो. त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला श्वास मिळेना तेव्हा मी पलंगाची कड धरली. जाणारा माणूस कड धरत नाही, हे मलाही कळतं. पण त्यावरून फार काही समजू नका. मला अजून रोज सकाळी तसंच वाटतं.

अडचण अशी आहे की ती स्वतःला दोष देते. हात मागे घेते. भांडं घासताना मध्येच थांबून हातांकडे बघत राहते. माझ्यामुळे तिचं एवढं आयुष्य गेलं, वर हेही तिच्या माथी. मला सांगता येत नाही. तीनदा तोंड उघडलं. तुम्ही सांगा. आणि तिला तुमच्याकडे घेऊन जा. मला एखाद्या संस्थेत ठेवतील, मी चौकशी केली आहे.

लग्नाच्या वेळचं ते वाक्य माझं होतं. ज्या कामाची मला लाज वाटली त्या कामाबद्दल तुमचं पत्र वाचून मी त्या पंख्याच्या धुळीवर हसलो. अपघातानंतर एकदाच. हे सांगायचा मला हक्क नाही, पण सांगितलं.

चिमीचा नवरा


८ एप्रिल

चिमीच्या यजमानांना,

मी सांगणार नाही. तुम्हीच सांगायचं.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. त्याचं कारण असं की माझ्या दोन्ही अंगठ्यांचे सांधे झिजले आहेत आणि मनगटातली नस दबली आहे. उजव्या हाताचं ऑपरेशन झालं, फरक पडला नाही. दीड वर्षापूर्वी एका गिऱ्हाईकाच्या पाठीवर माझे हात चालायचे थांबले. तिला वाटलं, मी विसावा घेतेय. त्यानंतर मला टॉवेलांच्या घड्या घालायला बसवलं, मग दारात नंबर द्यायला. आता ब्लाउजचं बटण लावायचं तर खोलीतल्या सोबतिणीला हाक मारते. एवढी वर्षं माणसं माझे हात विचारत यायची. ते गेल्यावर मी आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुम्हाला जे सकाळी वाटतं ते मला दुपारी वाटायचं. तुमचं मोठं आहे, माझं लहान, असं मी म्हणणार नाही आणि उलटही म्हणणार नाही.

चिमीने माझे हात मागितले आणि ते माझ्याकडे नव्हते. तसं लिहायचं सोडून मी तिला लिहिलं, कारण विचारू नकोस. टेबल डुगडुगतं म्हणून लिहिलं. ती बिचारी समजली, ताईने राग धरलाय. म्हणजे तुम्ही एक पत्र लपवलंत आणि मी माझे हात लपवले. मधल्या मधे मालिशवाला आला.

तेव्हा आता असं करा. माझं ते चार पानी पत्र गादीतून काढून तिच्या हातात द्या. हेही द्या. तुमचं मात्र तोंडाने सांगा. ती काय करेल ते मला माहीत नाही. सोडून जाईल कदाचित. तिला तो हक्क आहे, पण खरं कळल्यावर. स्वतःच्या हातांना खुनी समजून तिने जगायचं, हे मी चालू देणार नाही. पंधरा दिवसांत तुम्ही सांगितलं नाहीत तर मी येईन आणि तुम्हाला तिच्यासमोर बोलायला लावीन.

आणि सकाळी जे वाटतं, ते पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगायचं. याच शब्दांत. पोट साफ होत नाही हे जसं सांगता तसंच. तेही दुखणंच आहे, आणि त्यावर इलाज करणारी माणसं असतात. तोवर तसं वाटलं की जो जवळ असेल त्याला हाक मारायची. शेजारच्या बाई असल्या तरी चालतील.

लग्नाच्या वाक्याबद्दल माफ केलं असं लिहिता येत नाही. ते समोरासमोर बघू.

ताई


१७ एप्रिल

ताई,

यांनी सांगितलं. रविवारी दुपारी. मी कांदा चिरत होते. म्हणाले, सुरी खाली ठेव आणि इथे बस. मग गादीच्या शिवणीत हात घातला.

तुझं पत्र मी वाचलं, आणि हे बोलत राहिले. सगळं सांगितलं. मापाचं, डाव्या पायाचं, जोरात चोळा म्हणाले त्याचं. संपल्यावर मी उठले आणि यांच्या थोबाडीत मारली. ताई, ज्या माणसाला उठून बाजूला होता येत नाही त्याला मी मारलं. एकदा नाही, दोनदा. यांनी हात मध्ये घातला नाही. मी म्हटलं, "तुम्ही माझ्या हातून मरणार होतात. मला न विचारता." मग हे रडायला लागले. पडल्या दिवसापासून पहिल्यांदा. आवाज इतका मोठा की शेजारच्या बाई धावत आल्या आणि आमचे चेहरे बघून तशाच परत गेल्या.

मी दोन दिवस बोलले नाही. जेवण वाढलं, कूस बदलली, चादर ताणली, शब्द नाही. बांधाबांध करायचं मनात आलं, खरंच आलं. पिशवीही काढली होती माळ्यावरून. संस्थेचा पत्ता यांनी कागदावर लिहून ठेवलाय, सुबक अक्षरात. तो वाचला आणि मग माझा राग नुसता रागच राहिला, जायचं बळ नाही आलं. कशामुळे ते मला नीट सांगता येत नाही. प्रेम म्हणतात ते हेच असेल तर फार कुरूप असतं.

मंगळवारी तपासणी होती. खुर्चीतून पुन्हा त्याच जिन्याने. मला वाटलं, डॉक्टरांसमोर हे काही बोलत नाहीत. डॉक्टर कागद मिटणार तेवढ्यात हे म्हणाले, "मला सकाळी मरावंसं वाटतं." अगदी तुझ्या सांगण्याप्रमाणे, पोटाचं सांगावं तसं. डॉक्टरांनी कागद पुन्हा उघडला. दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. दर आठवड्याला जायचं आहे, गोळ्याही दिल्या. मी मालिशचं विचारलं. मान, खांदे, पाठ चालेल, हलक्या हाताने. पायांना आणि पोटाला आम्ही सांगेपर्यंत नाही.

काल संध्याकाळी तुझी चार पानं यांच्या उशाला टेकवून ठेवली. मी मागे बसले. हात लावायला धीर होईना. यांनीच मोठ्याने वाचलं, "आधी नुसता हात ठेव." ठेवला. बराच वेळ ठेवला. मग सपाट तळव्याने मानेपासून खांद्यापर्यंत, तू लिहिलंस तसं. दगड काही फुटला नाही. पण वीस मिनिटांनी हे म्हणाले, "उजवीकडे, जरा खाली." यांनी मला सांगितलं, ताई, कुठे दुखतं ते. नंतर वाचता वाचता कागद हातातून सुटला आणि हे घोरायला लागले. साधं, पूर्वीसारखं घोरणं. मी तशीच बसून राहिले, पाय बधिर झाले तरी.

मी यांना माफ केलेलं नाही. करीन की नाही माहीत नाही. सकाळी हे डोळे उघडतात तेव्हा मी आधी चेहरा बघते, आजचा दिवस कसा आहे ते. असं किती वर्षं बघायचं कुणास ठाऊक.

तुझ्या हातांचं वाचलं. दीड वर्ष तू बटणासाठी परक्या बाईला हाक मारतेस आणि मी तुला लिहिते की तुझे हात मला नाहीत. त्यावर काय बोलू? समोर आलीस की बोलेन, किंवा नाही बोलणार.

तू ये. शिकवायला नको, काही करायला नको. खिडकीखालची जागा रिकामी केली आहे. यांना विचारलं. म्हणाले, त्यांना सांग, मी दारापर्यंत येऊ शकत नाही, त्याबद्दल माफी. शनिवारच्या गाडीने निघ. मी स्टेशनवर असेन. डब्यातून उतरायची घाई करू नकोस, मी आत येईन. पिशवी मी उचलते.

चिमी